मालिश नेमकी कुणाला लागू पडते? पहिल्यांदा करून घेणाऱ्यांसाठी

"मॅडम, व्यायाम-बियाम नको, नुसती मालिश करून द्या."

कोल्हापुरात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवताना हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी कानावर येतं. म्हणणारा बहुधा असा असतो, की ज्याला मालिशचा उपयोग सगळ्यात कमी. कंबरेतून पायापर्यंत कळ जाते, अंगठा बधिर झालाय, साखर अडीचशेच्या वर. आणि जिची पाठ खरोखर कुणीतरी अर्धा तास तेल लावून चोळून द्यायला हवी, ती त्याची बायको बाहेर बाकावर त्याच्या एमआरआयची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. तिला विचारलं तर म्हणते, "मला काय झालंय?"

तिच्यासारख्यांसाठी हे लिहितेय. ज्यांनी आजवर दिवाळीतल्या पहिल्या आंघोळीपलीकडे अंगाला तेल लावून घेतलेलं नाही, त्यांनी सुरुवात कुठून करायची, कुणाकडे जायचं आणि कधी अजिबात जायचं नाही, एवढंच यात आहे.

आधी एक गैरसमज

मालिश केल्याने "अंगातलं विष निघून जातं" असं पार्लरपासून तालमीपर्यंत सगळीकडे सांगतात. तसं काही निघत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली आणि मग फक्त एका मांडीला 10 मिनिटं मालिश केली. दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या मांडीत दाह वाढवणारी रसायनं कमी होती, लॅक्टिक ॲसिड मात्र दोन्हीकडे सारखंच. हा अभ्यास 2012 साली छापून आला. लॅक्टिक ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासाभरात आपलं आपण उतरतं, त्याला तेलाची गरज नसते.

मग बरं का वाटतं? कातडीखाली आणि स्नायूंत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. सावकाश, बेताच्या दाबाने हात फिरला की त्यांचे संदेश मेंदूकडे जातात आणि दुखण्याच्या संदेशांवर कुरघोडी करतात. लहानपणी गुडघा आपटला की आपण तो चोळायचो, तोच प्रकार. आखडून धरलेला स्नायू सैल पडतो, श्वास खोल होतो, झोप लागते. हा परिणाम काही तासांचा, फार तर दोन-चार दिवसांचा. दुखणं मुळातून उपटून काढणारी मालिश मी अजून पाहिलेली नाही. पण दुखणं कमी असलेल्या त्या दोन-चार दिवसांत माणूस चालू लागला, वाकू लागला, तर फायदा टिकतो. पुन्हा सोफ्यावर जाऊन पडला तर पैसे पाण्यात.

पायरी 1: आपण यांच्यापैकी कुणी आहोत का, ते पाहा

*पाठ आणि मान धरलेले लोक.* म्हणजे ज्यांना पडझड झालेली नाही, पायात कळ जात नाही, पण कंबर धरते, मान अवघडते. संगणकावर बसणारे, रिक्षा चालवणारे, शिलाई मशीनवर वाकणाऱ्या, दिवसभर भाकरी थापणाऱ्या, सगळे यात आले. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स) 2017 साली कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीला गोळीच्या आधी शेक, मालिश असले उपाय करून बघा, असं स्पष्ट म्हटलंय. मात्र दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल तर त्यांच्या यादीत व्यायाम आणि योग वर आहेत. आमच्या रोजच्या अनुभवाशी हे जुळतं.

मानेच्या बाबतीत एक गंमत आहे. सिॲटलमध्ये जुनी मानदुखी असलेल्या 228 जणांना वेगवेगळ्या मात्रेत मालिश देऊन पाहिली. अर्ध्या तासाच्या बैठकांनी फारसं काही झालं नाही. 60 मिनिटांची मालिश आठवड्यातून दोन-तीनदा, अशी चार आठवडे घेणाऱ्यांना फरक पडला. मॉलमधल्या खुर्चीत दहा मिनिटं थरथरून घेण्याबद्दल यातून काय ते समजून घ्या.

*दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं.* मालिशचा सगळ्यात ठळक फायदा कुणात दिसला असेल तर तो या एवढ्याशा जिवांत. मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांनी 1986 साली अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृती स्थिर झालेल्या अशा बाळांना दिवसातून तीनदा 15-15 मिनिटं हळुवार पण नीट दाब देऊन चोळलं आणि हातपाय हलवले, असं दहा दिवस. दूध तेवढंच पिऊनही त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वेगाने वाढलं आणि ती सुमारे सहा दिवस आधी घरी गेली. नंतरच्या कामातून दिसलं, की नुसतं पिसासारखं बोट फिरवून हे होत नाही. त्याने बाळाला गुदगुल्या होतात आणि ते अंग चोरतं. कातडीवर किंचित दाब पडायला हवा, तेव्हा पोटाकडे जाणारी व्हेगस नस जागी होते आणि पचन सुधारतं.

हे वाचून काचेच्या पेटीतल्या बाळाला कुणी परस्पर तेल लावायला जाऊ नये. नवजात विभागातल्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

दिवस भरलेल्या बाळाला मालिशने "हाडं मजबूत" होतात हे खरं नाही, पण ते शांत झोपतं आणि आई-बापाचा हात बसतो. तेल साधं खोबरेल घ्या. उन्हाळ्यात, थंडीत, कधीही चालतं. आपल्याकडे चंदनबला लाक्षादि तेलही पुष्कळ घरांत आणतात. त्याला हरकत नाही, फक्त आधी हातावर थेंबभर लावून एक दिवस पुरळ येतंय का बघावं. मोहरीचं तेल कोवळ्या कातडीला चांगलं नाही. आणि तीन गोष्टी मालिशवाल्या मावशी कितीही जुन्या असल्या तरी करू द्यायच्या नाहीत: नाकाकानात तेल सोडणं, छाती पिळून "दूध काढणं", आणि पायाला धरून उलटं लटकवणं. पहिल्याने तेल फुप्फुसात जाऊ शकतं, दुसऱ्याने छातीत गळू होतं, तिसऱ्याबद्दल काय बोलायचं? टाळू भरायची हौस असेल तर तेल वरून सोडून हलकेच जिरू द्या, दाबू नका. डोकं गोल करायला कवटी म्हणजे लाडूचं पीठ नव्हे.

*बाळंतीण.* तिला मालिश लागते यात आज्या बरोबर होत्या. नऊ महिने पुढे ओढलेली कंबर, आता दर दोन तासांनी वाकून पाजणं, रात्रीची जागरणं, आणि दिवसभर सगळ्यांचे हात बाळाला, तिला कुणाचाच नाही. सकाळचा पाऊण तास तिच्या पाठीला, खांद्यांना, पोटऱ्यांना दिला की ती त्यानंतर झोपते, ही झोपच औषध आहे. साधी बाळंतपणं बहुधा दोन-तीन दिवसांत मालिशला तयार असतात. सिझर झालं असेल तर डॉक्टरांना विचारून हातपाय, पाठ, खांदे एवढंच, आणि टाके पूर्ण भरेपर्यंत पोटाला हात नाही. पोट "आत जावं" म्हणून जोरात दाबणं तर कुठल्याच बाळंतपणानंतर नको. शेकशेगडी करायचीच असेल तर खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि खोलीत बाळही असतं. पोटरी एकाच बाजूची दुखत असेल, सुजली असेल तर मालिश बंद आणि दवाखाना. का, ते पुढच्या पायरीत सांगते.

*गुडघे झिजलेले ज्येष्ठ.* इथे मालिश गुडघ्यातली गादी परत आणत नाही. पण आठवड्यातून एकदा तासभराची मालिश आठ आठवडे घेतलेल्यांचं दुखणं आणि अवघडलेपण कमी झाल्याचं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलंय. मला मात्र दुसरंच कारण मोठं वाटतं. सत्तरीच्या पुढे, जोडीदार गेल्यावर, माणसाच्या अंगाला महिनोन्महिने कुणाचा हात लागत नाही. नातवंडं वाकून नमस्कार करतात तेवढाच स्पर्श. एक आजी दर बुधवारी यायच्या. गुडघ्याचं नाव सांगायच्या, पण पाठीवर हात ठेवला की डोळे मिटून गप्प पडून राहायच्या. व्यायाम सगळे घरी करायच्या, चुकवायच्या नाहीत, फक्त बुधवार सोडायचा नाही.

*कर्करोगाचे रुग्ण.* "कर्करोगात मालिश केली की तो पसरतो" ही भीती अजून आहे. हलक्या हाताच्या मालिशने तो पसरतो असं दिसलेलं नाही. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात 1290 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा दुखणं, थकवा, मळमळ, काळजी या तक्रारींची तीव्रता मालिशनंतर सुमारे निम्म्यावर आलेली होती. फक्त गाठीच्या जागेवर, किरणोपचाराने भाजलेल्या कातडीवर, केमोचं औषध द्यायला कातडीखाली बसवलेल्या पोर्टवर दाब नको. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असतील तर दाब आणखी कमी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजला असेल तर नेहमीची मालिश उपयोगाची नाही. त्यासाठी लसिकेचा, म्हणजे सूज आणणाऱ्या साठलेल्या द्रवाचा, निचरा करण्याची वेगळी, अगदी हलकी पद्धत असते आणि ती शिकलेल्यानेच करायची.

*पैलवान आणि खेळाडू.* कोल्हापुरात राहून हे वगळलं तर तालमीतली पोरं मला रस्त्यात अडवतील. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत संध्याकाळी जा. जोर-बैठका, लढत झाली की पोरं एकमेकांना आडवं पाडून अंग रगडताना दिसतील. तेल, ताक, हळद घालून मुरवलेली तांबडी माती अंगावर, आणि वस्तादांची नजर. या रगडण्याने दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं कमी होतं, ताकद वाढत नाही. कुस्तीच्या आधी तासभर खोल मालिश घेतली तर अंग उलट ढिलं पडतं, म्हणून लढतीआधी फक्त पाच मिनिटं जलद चोळणं आणि खरी मालिश नंतर. वस्ताद हे कुठलाही शोधनिबंध न वाचता पाळतात.

पायरी 2: यांनी थांबायचं

ही पायरी गाळू नका. दिल्लीत एका तेविशीच्या मुलाचा घोटा दुखावला होता, पायाला प्लास्टर घातलं होतं. प्लास्टर निघाल्यावर पाय दुखतो म्हणून आईने तेल लावून चोळून दिला. शिरेत धरलेली रक्ताची गाठ सुटली, फुप्फुसात गेली आणि मुलगा दगावला. माउलीची चूक कसली? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून एका पायाला सूज, उष्णता, लाली, पोटरीत एका जागी दुखणं असेल, विशेषतः प्लास्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर त्या पायाला हात लावायचा नाही. आधी डॉपलर तपासणी, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. ताप आहे, कातडीवर गजकर्ण-खरूज-फोड आहेत, हाड मोडलंय किंवा मोडल्याची शंका आहे, तर मालिश नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, गरोदर असाल तर करणाऱ्याला आधी सांगा, दाब कमी ठेवावा लागतो. सुजलेल्या निळ्या शिरांवर दाब नाही. पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला, पाय लुळा पडला, किंवा वजन उतरतंय आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, तर मालिशवाल्याच्या दारात वेळ घालवू नका.

मधुमेहींची गोष्ट वेगळी. बधिर पावलाला गरम तेल लागलं तर भाजल्याचं कळत नाही. जोरात रगडलं, फोड आला तरी कळत नाही. मालिश करायचीच तर कोमट नव्हे, घरातल्या तापमानाचं तेल, हलका हात, आधी आणि नंतर तळवा उजेडात बघायचा, आणि बोटांच्या बेचक्यात तेल ठेवायचं नाही. तिथे ओल राहिली की बुरशी धरते.

आयुर्वेदातही मालिशवर सर्वांना सरसकट मोकळीक नाही बरं का. वाग्भटाने रोज अभ्यंग करा म्हटलंय आणि लगेच पुढे अजीर्ण झालेल्याने करू नये असंही म्हटलंय. पहिलं वाक्य बाटलीवर छापतात, दुसरं नाही.

पायरी 3: कुणाकडे जायचं

दुखणं असेल तर फिजिओथेरपिस्टकडे. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. दुखणं नाही, नुसता शीण आहे, तर पंचकर्म केंद्र, चांगला स्पा, घरी येणाऱ्या मावशी, कुणीही चालेल. पारख एकच: आल्या आल्या काही विचारतात का? रक्तदाब, साखर, गोळ्या, ऑपरेशन यातलं काहीच न विचारता जो थेट झोपायला सांगतो, त्याच्याकडून परत या.

केस कापून झाल्यावर न्हावी मान दोन्ही हातांत धरून कडाक्कन मोडतो, ते मात्र कुणाकडूनही नको. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात आणि झटक्याने त्यांचा आतला पापुद्रा फाटू शकतो. त्यातून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. चंपी करून घ्या, डोकं, कपाळ, खांदे हवे तेवढे. मान पुढे आली की नुसतं "बास" म्हणा.

पायरी 4: पहिल्या दिवशी

जेवून दीड-दोन तास झालेले असावेत. अगदी उपाशीही जाऊ नका, चक्कर येते. अंगावरचे किती कपडे काढायचे हे तुम्ही ठरवायचं. जेवढा भाग चोळायचा तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली, ही साधी शिस्त आहे. बायकांना बाईच हवी असेल तर आधी फोनवर विचारा.

दाबाबद्दल बोलताना आपण फार भिडस्त. "सोसतंय" म्हणत दात-ओठ खातो. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे ओरडावंसं, असं धरलं तर दाब पाच-सहाच्या पुढे जाऊ देऊ नका. श्वास रोखून धरावा लागला की समजायचं, जास्त झालं. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर चालतं. काळंनिळं झालं तर ते चांगल्या मालिशचं लक्षण नाही.

चार-पाच बैठकांत झोप, हालचाल किंवा दुखणं यांपैकी कशातच फरक नसेल तर थांबा. "अजून दहा घ्या, मुरायला वेळ लागतो" हे लोणच्याच्या बाबतीत खरं आहे.

पायरी 5: घरच्या घरी, आईच्या पायांपासून

शिकायला पाऊल सगळ्यात सोपं. रात्री झोपायच्या आधी आईला पलंगावर टेकून बसवा, पाय तुमच्या मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर. हातातल्या अंगठ्या काढा, नखं कापलेली असू द्या. खोबरेल किंवा तिळाचं तेल छोटा चमचाभर, आधी तुमच्या तळव्यात घेऊन चोळा. थंड तेल थेट पायावर टाकलं की आई पाय आखडून घेते.

दोन्ही हातांनी पाऊल नुसतं धरून ठेवा, चार-पाच श्वास. मग बोटांकडून घोट्याकडे लांब हात फिरवा, आठ-दहा वेळा. त्यानंतर दोन्ही अंगठे टाचेवर ठेवून तळव्याच्या मधून बोटांपर्यंत सरकवत न्या, एकामागून एक, मांजर उशी तुडवतं त्या चालीने. कमानीच्या आतल्या कडेला बहुतेकांना दुखरी जागा सापडते. तिथे रगडायचं नाही, अंगठा टेकवून दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. एकेक बोट मुळापासून धरून हलकेच ओढा, पण कटकट वाजवू नका. शेवटी पोटरी, खालून वर, पूर्ण पंजाने. एका पायाला सात-आठ मिनिटं पुष्कळ. हात दुखायला लागला तर तुम्ही बोटांनी जोर लावताय. कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार पुढे द्या.

काशाच्या वाटीने तळवे घासायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. बरं वाटतं, जरूर घासा. तळव्याला येणारा काळा रंग मात्र "अंगातली उष्णता" नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, ते तेलात झिजून काळं उतरतं. मधुमेह असेल तर वाटी नकोच.

या सगळ्यात माझ्याकडे आलेला सगळ्यात वाईट प्रसंग मालिशमुळे झालाच नव्हता. मुलीने आईच्या पायांना सुरेख तेल लावलं, आई तशीच उठून बाथरूमला गेली आणि फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा शेवटची पायरी: कोरड्या टॉवेलने तळवे घासून पुसा, बोटांच्या बेचक्या पुसा, सुती मोजे घाला, आणि लघवीला जाऊन यायचं असेल तर ते तेलाची बाटली उघडायच्या आधी.